टप्प्यांच्या समीकरणांवरून एकूण उष्णता काढताना: आकड्यांना सगळ्यात शेवटी हात लावा

हेसच्या नियमावरचं गणित चुकतं तेव्हा बेरीज-वजाबाकी क्वचितच आड येते. प्रश्नात तीन समीकरणं आणि त्यांच्यापुढे तीन आकडे दिसले की मुलं थेट आकड्यांवर तुटून पडतात. हा मिळवला, हा वजा केला, याची दुप्पट केली, आलेलं उत्तर पर्यायांत सापडलं की पुढचा प्रश्न. पर्याय बनवणाऱ्याला ही सवय पक्की ठाऊक असते. म्हणून उलट्या चिन्हाचं उत्तर आणि दुप्पट करायला विसरलेल्याचं उत्तर, अशी दोन्ही उत्तरं पर्यायांत हमखास ठेवलेली असतात. सोलापुरात अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना शिकवताना दर वर्षी याच चुका दिसतात. मूल शहरातलं असो, बार्शीचं असो की पंढरपूरचं, चूक तीच. कारणही एकच: कामाचा क्रम उलटा लावलेला असतो.

नियम थोडक्यात असा. अभिक्रिया एका दमात झाली काय किंवा चार टप्प्यांत झाली काय, सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील, त्याच स्थितीत असतील, तर एन्थाल्पीतला एकूण बदल, म्हणजे डेल्टा एच (स्थिर दाबाला आत घेतलेली किंवा बाहेर पडलेली उष्णता; आत घेतली तर अधिक, बाहेर पडली तर उणे), तेवढाच असतो. म्हणून टप्प्यांची समीकरणं उलटवता येतात, गुणता येतात, एकमेकांत मिळवता येतात. समीकरणाला जे केलं, तेच त्याच्या डेल्टा एचला करायचं. खालची सगळी पद्धत यातूनच निघते.

## पेन उचलण्याआधीची तयारी

कागदाच्या उजव्या बाजूला चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडे फक्त समीकरणं लिहायची, उजवीकडे फक्त डेल्टा एच. एका ओळीत एकच समीकरण. रफ पानाच्या कोपऱ्यात तिरकं लिहिलेलं समीकरण पुढे कुठलं आणि कशातून आलं ते कळत नाही, आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

प्रत्येक पदार्थापुढे स्थिती लिहा: घन, द्रव, वायू. प्रश्नात दिलेली असेल तर ती उतरवायला कंटाळू नका. पाण्यापुढे तर लिहायचीच, कारण द्रव पाणी आणि वाफ हे या हिशेबात दोन वेगळे पदार्थ आहेत.

डेल्टा एच लिहिताना चिन्ह कायम लिहा, धन असलं तरी. नुसतं २८३ लिहून ठेवलं की पाच मिनिटांनी ते अधिक होतं की उणे, हे आठवणीवर सोडावं लागतं.

एकक पाहा. जुन्या पुस्तकांत किलोकॅलरी असते. सगळे आकडे किलोज्यूलमध्ये आणा. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. आणि सगळे आकडे एकाच तापमानाचे हवेत. तक्त्यांतले आकडे साधारणपणे २५ अंश सेल्सिअसचे, म्हणजे २९८ केल्विनचे असतात. मे महिन्यात आपल्या वर्गात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असला तरी गणित २५ अंशांचंच राहतं.

सावध: काही प्रश्नांत "ज्वलन उष्णता २८३ किलोज्यूल" असं चिन्हाविना लिहिलेलं असतं. ज्वलनात उष्णता बाहेर पडते, म्हणून तुमच्या कागदावर डेल्टा एच −२८३ असाच उतरला पाहिजे.

## उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच

साखर कारखान्यांना जोडून असलेल्या डिस्टिलरीत मळी आंबवून इथेनॉल काढतात. मळीत मुख्यतः सुक्रोज असतं. यीस्ट त्याचं आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, मग इथेनॉल. यातला ग्लुकोजपासून इथेनॉलचा भाग घेऊ. आंबवण्याची ही क्रिया कित्येक तास चालते, सोबत थोडे इतर पदार्थही तयार होतात. त्यामुळे तिची उष्णता कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजायच्या उपकरणात, थेट आणि चोख मोजणं अवघड. ग्लुकोज आणि इथेनॉल जाळून त्यांची ज्वलन उष्णता मोजणं मात्र सोपं. हेसचा नियम खरा कामाला येतो तो अशाच ठिकाणी.

दिलेली समीकरणं:

(१) ग्लुकोज (घन) + ६ ऑक्सिजन (वायू) → ६ कार्बन डायऑक्साइड (वायू) + ६ पाणी (द्रव) | −२८०३ किलोज्यूल

(२) इथेनॉल (द्रव) + ३ ऑक्सिजन (वायू) → २ कार्बन डायऑक्साइड (वायू) + ३ पाणी (द्रव) | −१३६६.८ किलोज्यूल

## पायरी १: मुख्य समीकरण लिहा आणि संतुलित करा

जे काढायचं आहे ते समीकरण सगळ्यात वर लिहा आणि त्याला चौकट करा.

ग्लुकोज (घन) → २ इथेनॉल (द्रव) + २ कार्बन डायऑक्साइड (वायू)

अणू मोजा. डावीकडे कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. उजवीकडे इथेनॉलच्या दोन रेणूंत कार्बन ४, हायड्रोजन १२, ऑक्सिजन २, आणि कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेणूंत कार्बन २, ऑक्सिजन ४. जुळलं.

प्रश्नातली भाषा नीट वाचा. "निर्मिती उष्णता काढा" (पदार्थ त्याच्या मूलद्रव्यांपासून तयार होतानाची उष्णता) म्हटलं की उत्पादित पदार्थ बरोबर १ मोल हवा, मग डावीकडे अपूर्णांक आला तरी चालेल. "ज्वलन उष्णता" म्हटलं की जळणारा पदार्थ १ मोल हवा. अपूर्णांक नको म्हणून सगळं समीकरण दुपटीने लिहिलंत, तर उत्तरही दुप्पट येईल.

ताळा: चौकटीतल्या प्रत्येक पदार्थाला सहगुणक (किती मोल ते सांगणारा आकडा; १ असेल तर लिहीत नाहीत) आणि स्थिती दोन्ही आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: एकाच ठिकाणी येणारा पदार्थ पकडा

मुख्य समीकरणातला असा पदार्थ शोधा, जो दिलेल्या समीकरणांपैकी फक्त एकात आहे. त्याच्याबाबत दुसरा पर्यायच नसतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. आपल्या उदाहरणात ग्लुकोज फक्त (१) मध्ये आहे, इथेनॉल फक्त (२) मध्ये. कार्बन डायऑक्साइड दोन्हींत आहे, त्याला आत्ता हात लावायचा नाही.

ऑक्सिजनपासून सुरुवात करणारी मुलं हटकून अडकतात, कारण ज्वलनाच्या प्रश्नांत तो प्रत्येक ओळीत असतो. बाकीच्या ओळी बरोबर लागल्या की तो आपोआप जागेवर येतो. आला नाही, तर चूक कुठेतरी आधीच झाली आहे एवढं नक्की.

आता पकडलेल्या प्रत्येक पदार्थासाठी दोनच प्रश्न विचारा. तो मुख्य समीकरणात कोणत्या बाजूला आहे? आणि किती मोल आहे?

ग्लुकोज: डावीकडे हवा, १ मोल. (१) मध्ये तसाच आहे. ओळ आहे तशी.

इथेनॉल: उजवीकडे हवं, २ मोल. (२) मध्ये डावीकडे आहे, १ मोल. ओळ उलटवायची आणि २ ने गुणायची.

## पायरी ३: बदललेली ओळ पूर्ण नव्याने लिहा

इथे घाई नडते. जुन्याच समीकरणाच्या वर बाण फिरवून, सहगुणकांच्या डोक्यावर छोटा २ लिहून भागवू नका. ओळ खाली नव्याने लिहा, प्रत्येक पदार्थ आणि प्रत्येक स्थितीसकट.

(१) ग्लुकोज (घन) + ६ ऑक्सिजन (वायू) → ६ कार्बन डायऑक्साइड (वायू) + ६ पाणी (द्रव) | −२८०३

(२′) ४ कार्बन डायऑक्साइड (वायू) + ६ पाणी (द्रव) → २ इथेनॉल (द्रव) + ६ ऑक्सिजन (वायू) | उलट, × २

उजव्या रकान्यात आकडा अजून लिहिलेला नाही, हे पाहिलंत ना? तिथे फक्त काय केलं तेवढं लिहायचं: "उलट, × २". गुणाकार या क्षणी करायला घेतला की लक्ष समीकरणावरून उडतं आणि ६ पाण्याच्या जागी ३ च राहून जातं.

सावध: गुणायचं ते ओळीतल्या सगळ्याच पदार्थांना. इथेनॉल दोन केलं आणि ऑक्सिजन तीनच ठेवला, तर पुढची काटाकाटी कधीच जमणार नाही.

## पायरी ४: काटाकाटी

दोन्ही ओळींच्या डाव्या बाजू एकत्र करा, उजव्या बाजू एकत्र करा. जो पदार्थ दोन्ही बाजूंना त्याच स्थितीत आहे, तेवढाच कापा.

ऑक्सिजन: डावीकडे ६, उजवीकडे ६. गेला.
पाणी (द्रव): डावीकडे ६, उजवीकडे ६. गेलं.
कार्बन डायऑक्साइड: डावीकडे ४, उजवीकडे ६. उजवीकडे २ उरले.

उरलं ते असं: ग्लुकोज (घन) → २ इथेनॉल (द्रव) + २ कार्बन डायऑक्साइड (वायू).

वरच्या चौकटीशी अक्षर न् अक्षर जुळवा. कार्बन डायऑक्साइडला आपण हातही लावला नव्हता, तरी तो बरोबर २ उरला. ओळी बरोबर लागल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

ताळा: समीकरण जुळलं नाही तर आकड्यांकडे अजिबात जाऊ नका. पायरी २ ला परत या. चुकलेल्या ओळींचं उत्तर कितीही नेटकं दिसलं तरी ते चूकच.

## पायरी ५: आता आकडे

(१) आहे तसं: −२८०३
(२′) उलटं केलं म्हणून +१३६६.८, दोनदा म्हणून +२७३३.६

बेरीज: −२८०३ + २७३३.६ = −६९.४ किलोज्यूल, १ मोल ग्लुकोजमागे.

चिन्ह आधी बदला, गुणाकार नंतर करा, आणि मग फक्त बेरीज. "वजा करा" हा शब्द या पायरीत आणूच नका. उलटं करताना चिन्ह बदलून झालं आहे. आता पुन्हा वजाबाकी केली की चिन्ह दोनदा फिरतं आणि होतं तिथेच येतं.

दोनने गुणायला विसरलं की −१४३६.२ येतं. उलटवायला विसरलं की −५५३६.६. ही दोन्ही उत्तरं पायरी ४ नीट केली असती तर निघालीच नसती, कारण समीकरण जुळलं नसतं.

## पायरी ६: उत्तर पटतंय का ते पाहा

परीक्षेत याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागत नाही. तरी अभ्यास करताना एकदा तरी सविस्तर करा, आकड्याला अर्थ येतो.

६९.४ किलोज्यूल २ मोल इथेनॉल, म्हणजे ९२ ग्रॅम तयार होताना बाहेर पडतात. म्हणजे १ किलो इथेनॉलमागे साधारण ७५४ किलोज्यूल. टाकीतल्या द्रवात वजनाने १० टक्के इथेनॉल झालं असं धरा, म्हणजे १ किलोमागे १० किलो द्रव. द्रवाची उष्णता धारण करण्याची क्षमता पाण्याइतकी, किलोला दर अंशामागे ४.१८ किलोज्यूल धरली, तर तापमान सुमारे १८ अंशांनी वाढेल. हिशेब ढोबळ आहे, पण ३० अंशांवर सुरू झालेली टाकी थंड केलीच नाही तर ४८ च्या आसपास जाईल, आणि इतक्या उष्णतेत यीस्ट टिकत नाही. म्हणूनच आंबवणीच्या टाक्यांना गार पाण्याची व्यवस्था लावलेली असते. −१४३६ खरं असतं, तर वाढ याच्या वीसपट झाली असती, म्हणजे टाकी उकळून गेली असती.

## द्रव पाणी की वाफ: एका शब्दाची किंमत

२५ अंशांना १ मोल द्रव पाण्याची वाफ करायला ४४ किलोज्यूल लागतात. आता समजा, एखाद्याने इथेनॉलचा ज्वलनाचा आकडा वाफ धरलेल्या तक्त्यातून घेतला. तो −१३६६.८ नसून −१२३४.८ असतो, कारण ३ मोल पाण्याचे १३२ किलोज्यूल वाफेत अडकले. ग्लुकोजचा आकडा मात्र द्रव पाण्याचा. उत्तर येतं −२८०३ + २४६९.६ = −३३३.४.

खरं उत्तर −६९.४. फरक २६४ किलोज्यूल, म्हणजे बरोबर ६ × ४४. स्थिती लिहून काटाकाटी केली असती, तर ६ पाणी (द्रव) आणि ६ पाणी (वायू) कापलेच गेले नसते आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती.

वाफ आणि द्रव खरोखरच मिसळून दिले असतील, तर आणखी एक ओळ जोडा: पाणी (द्रव) → पाणी (वायू), +४४.०. इथे ४०.७ वापरू नका. तो आकडा १०० अंशांचा आहे.

कार्बनचंही तसंच. घन कार्बन म्हणजे ग्रॅफाइट. हिऱ्याची एन्थाल्पी त्याच्याहून १.९ किलोज्यूलने जास्त असते. फरक छोटा आहे, पण प्रश्न नेमका त्यावरच असू शकतो.

## निम्म्याने गुणायची वेळ येते तेव्हा

गॅस वेल्डिंगला वापरतात त्या ॲसिटिलिनची निर्मिती उष्णता काढू. मुख्य समीकरण: २ कार्बन (ग्रॅफाइट) + हायड्रोजन (वायू) → ॲसिटिलिन (वायू).

(क) कार्बन (ग्रॅफाइट) + ऑक्सिजन (वायू) → कार्बन डायऑक्साइड (वायू) | −३९३.५
(ख) हायड्रोजन (वायू) + ½ ऑक्सिजन (वायू) → पाणी (द्रव) | −२८५.८
(ग) २ ॲसिटिलिन (वायू) + ५ ऑक्सिजन (वायू) → ४ कार्बन डायऑक्साइड (वायू) + २ पाणी (द्रव) | −२५९९.२

(क) × २, (ख) आहे तसं, (ग) उलट आणि × ½. ऑक्सिजन तपासा: डावीकडे २ + ½, उजवीकडे ५ चे निम्मे २½. गेला. मग आकडे: −७८७.० − २८५.८ + १२९९.६ = +२२६.८ किलोज्यूल.

दिलेले तिन्ही आकडे ऋण होते, उत्तर धन आलं. याने बिचकून चिन्ह बदलणारी मुलं खूप आहेत. दिलेल्या आकड्यांच्या चिन्हावरून उत्तराचं चिन्ह ठरत नाही. ॲसिटिलिन तयार होताना उष्णता आत घेतं, म्हणून तर जळताना इतकी देतं.

## तक्ता दिला असेल तर: वजाबाकीची दिशा

काही प्रश्नांत समीकरणं नसतात, फक्त तक्ता असतो. दिशा इथेच उलटते.

निर्मिती उष्णतेचा तक्ता: उत्पादितांची बेरीज − अभिक्रियाकारकांची बेरीज.
ज्वलन उष्णतेचा तक्ता: अभिक्रियाकारकांची बेरीज − उत्पादितांची बेरीज.

हे पाठ करू नका, समजून घ्या. निर्मितीच्या समीकरणात पदार्थ उजवीकडे असतो. आपल्याला उत्पादित उजवीकडेच हवेत, म्हणून त्यांच्या ओळी आहेत तशा राहतात आणि अभिक्रियाकारकांच्या उलटतात. ज्वलनाच्या समीकरणात पदार्थ डावीकडे असतो, म्हणून उलटवायची पाळी उत्पादितांवर येते. बंध एन्थाल्पीच्या (रेणूतला बंध तोडायला लागणाऱ्या उष्णतेच्या) तक्त्यातही तुटलेल्या बंधांची बेरीज − जुळलेल्यांची बेरीज, पण ती पद्धत वायूंपुरतीच धरा.

ग्लुकोजचं उदाहरण निर्मितीच्या आकड्यांनी करून पाहा. इथेनॉल −२७७.६, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, ग्लुकोज −१२७३.३.

२ × (−२७७.६) + २ × (−३९३.५) − (−१२७३.३) = −५५५.२ − ७८७.० + १२७३.३ = −६८.९

आधी −६९.४ आलं होतं, आता −६८.९. चूक कुठेच नाही. ग्लुकोजची ज्वलन उष्णता या तक्त्याप्रमाणे −२८०२.५ निघते आणि आपण −२८०३ घेतली होती. तो अर्धा किलोज्यूल उत्तरात उतरला. दोन मोठ्या आकड्यांतून छोटं उत्तर निघतं तेव्हा असं होणारच. त्यामुळे मधल्या पायऱ्यांत आकडे ढोबळ करून घेऊ नका. दशांश शेवटच्या ओळीतच कमी करा. इथेनॉलच्या आकड्यात १ टक्का फरक पडला तरी या उत्तरात २७ किलोज्यूलचा फरक पडतो.

सावध: निर्मितीच्या तक्त्यात ऑक्सिजन, हायड्रोजन, ग्रॅफाइट यांचा आकडा शून्य. ज्वलनाच्या तक्त्यात मात्र ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि द्रव पाणी शून्य; हायड्रोजन आणि ग्रॅफाइट जळतात, त्यांचा आकडा धरावाच लागतो.

## आता तुम्ही करा

पहिलं. उसाचा रस निवळायला कारखान्यात चुना लागतो. तो चुनखडी भाजून मिळतो: कॅल्शियम कार्बोनेट (घन) → कॅल्शियम ऑक्साइड (घन) + कार्बन डायऑक्साइड (वायू). निर्मिती उष्णता अनुक्रमे −१२०६.९, −६३५.१ आणि −३९३.५ किलोज्यूल. उत्तर +१७८.३. भट्टीला सतत इंधन लागतं, यावरून चिन्हाचा ताळा करा.

दुसरं. कार्बन (ग्रॅफाइट) + ½ ऑक्सिजन (वायू) → कार्बन मोनॉक्साइड (वायू). ही उष्णता थेट मोजता येत नाही, कारण ऑक्सिजन कितीही मोजून दिला तरी थोडा कार्बन डायऑक्साइड होतोच. दिलेलं: ग्रॅफाइटची ज्वलन उष्णता −३९३.५, कार्बन मोनॉक्साइडची −२८३.०. उत्तर −११०.५ किलोज्यूल. −६७६.५ आलं असेल तर तुम्ही दुसरी ओळ उलटवली नाही. +११०.५ आलं असेल तर दुसरीऐवजी पहिली उलटवली, आणि काटाकाटीनंतर तुमच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड डावीकडे राहिला असेल.